बेफाम गाडी आणि प्रवाशाचा हक्क

मंडळी, पुण्याहून नगरला पहिली एस.टी. निघाली ती १ जून १९४८ रोजी. तेव्हापासून बाजार, शाळा, कचेरी, सारेच मोटारीवर आले. पण समजा, चालकाने गाडी बेफाम हाकली, ती उलटली आणि घरच्या कर्त्या माणसाचा पाय कायमचा गेला. मग पेरणी कोणी करायची? आपण म्हणतो, नशिबाचे भोग! कायदा मात्र तसे म्हणत नाही. तो इथवर कसा आला, ते पाहू.

१८५५ साली प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. त्यामुळे मृताच्या बायकोमुलांना व आईबापांना भरपाई मागता येऊ लागली. जखमीला मात्र साधा दिवाणी दावाच लावावा लागे. मागणी मोठी, तर स्टँपही मोठा! शिवाय दावा जिंकूनही गाडीमालक कफल्लक निघाला, तर हुकूमनामा घेऊन करायचे काय?

यावर १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तोड काढली. विमा सक्तीचा झाला. तो भाग १ जुलै १९४६ पासून अमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी निराळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. तरी चालकाची चूक शाबीत करण्याचे ओझे जखमीवरच होते. १९८२ मध्ये ठरले, की चूक कोणाचीही असो, कायमचे अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये द्यावेत. १९९४ मध्ये ही रक्कम २५,००० झाली. २०१९ ची दुरुस्ती २०२२ पासून लागू झाली, तिने गंभीर दुखापतीस अडीच लाख ठरवले.

चालकाची चूक दाखवून औषधपाणी, बुडालेली मजुरी, पुढची कमाई आणि सोसलेल्या वेदना यांचीही भरपाई मागता येते. मात्र विमा कंपनीकडून ते अडीच लाख स्वीकारले, की न्यायाधिकरणापुढचा अर्ज संपतो. तेव्हा सही करण्याआधी वकिलाला विचारा.

अर्ज आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. नव्या दुरुस्तीने त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दिरंगाई नको. पोलिसांत नोंद करा. तिकीट, दवाखान्याचे कागद जपा. आणि एक सांगतो, मालाच्या ट्रकवर फुकट बसून जाऊ नका; अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

गुरुजी, एवढे चावडीवर एकदा वाचून दाखवा. हक्क ठाऊकच नसेल, तर तो मागायला जाणार कोण?