सासूबाईंची पांढरी अंगठी

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘दागिन्यांविषयी काही लिहा’ अशी अध्यक्षाबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला सासूबाईंच्या डब्यातील पांढरी अंगठी आठवली. मोडक्या तोरड्यांबरोबर तीही मी मोडीत काढावयास निघाले होते. विट्याहून आलेल्या चुलत सासऱ्यांनी ती तळहातावर तोलली आणि म्हणाले, “सूनबाई, ही चांदी न्हवं. चांदीला एवढं वजन कुठलं?” त्यांनी कसोटीवर रेघ ओढून तेजाबाचा थेंब टाकला. चांदीची रेघ विरघळून गेली असती; ही जशीच्या तशी राहिली. सोन्यालाही विरघळविणाऱ्या थंड अम्लराजाने तिचे काही बिघडले नाही. अंगठी प्लॅटिनमची होती!

चुलत सासरे गलाईवाले. खानापूर-आटपाडीचा मुलूख दुष्काळी. म्हणून तेथील माणसे सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन भारतभर पसरली. खानापूर तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. मग तो ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. तेव्हा या विद्येचा अभिमान सातारकर व सांगलीकर दोघांनीही बाळगावा.

अशुद्ध सोन्यात सुमारे तिप्पट चांदी घालून ते मुशीत वितळवावयाचे, मग तेजाबात टाकावयाचे. चांदी व तांबे विरघळते, शुद्ध सोने तळाशी उरते. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. चांदी ९६२ अंशांवर वितळते, सोने १०६४ अंशांवर. प्लॅटिनमला मात्र १७६८ अंश लागतात. साध्या कोळशाच्या भट्टीला ते दाद देत नाही. दक्षिण अमेरिकेत सोन्यात मिसळलेली ही धातू पाहून स्पॅनिश लोकांनी तिला ‘क्षुद्र चांदी’ अशा अर्थाचे नाव दिले. तीच पुढे राजेरजवाड्यांच्या हिऱ्यांचे कोंदण झाली!

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले; चौदा कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. सोनारांची भट्टी विझली की गलाईवाल्याची चूलही थंडावते. ती कॅरटांची अट १९६६ साली उठली. कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. पुरुष परमुलखी, आणि कोरडवाहू शेती, गुरे, म्हातारी माणसे बायांच्या माथी. सोने गाळणाऱ्यांची नावे लोक घेतात. मागे घर राखणाऱ्या या बायांचा कस कोणी कसोटीवर लावून पाहिला?

अंगठी मी मोडली नाही. सासूबाईंनी ती कधी मिरविली नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. भगिनींनो, जुना डबा मोडीला नेण्यापूर्वी जाणत्याला दाखवा. आणि घरात वडीलधारी बाई असेल, तर आधी तिला विचारा.