फ्यूजचे आजोळ बॉयलरमध्ये

कुंडलच्या शिवारात फ्यूज कशाला म्हणतात ते शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मोटार उचलत नसली की आधी मेन बंद करून बोर्डावरचे किटकॅट उपसायचे. पांढऱ्या चिनी मातीचा ठोकळा, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि मधल्या खाचेतून ओढून स्क्रूखाली आवळलेली बारीक तार. तार तुटून खाचेत काळा डाग पडला असेल, तर फ्यूज गेला. या तारेचे कूळ शोधताना मी विजेच्या पुस्तकांतून निघालो आणि पोचलो वाफेच्या इंजिनात.

इंजिनही लांबचे नाही. आजचे किर्लोस्करवाडी स्टेशन पूर्वी कुंडल रोड होते. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला, तेव्हा या मार्गावर मीटर गेजची कोळशाची इंजिने धावत. तशा इंजिनाच्या बॉयलरमध्ये, भट्टीच्या छतात, आट्यांचे एक धातूचे बूच बसवलेले असे. त्याच्या पोटात आरपार भोक आणि त्या भोकात ओतलेले शिसे. रेल्वेची माणसे त्याला लेड प्लग म्हणत. छतावर पाणी आहे तोवर शिसे थंड राहते, कारण 10 किलो दाबाच्या बॉयलरमधले पाणीसुद्धा 185 अंशांच्या आसपासच असते. पाणी छताखाली उतरले की उघडा पडलेला पत्रा तापत जातो. 327 अंशांना शिसे वितळते, भोक मोकळे होते आणि वाफ थेट भट्टीत घुसते. आग मंदावते, ड्रायव्हर-फायरमनना वर्दी मिळते आणि बॉयलर फुटायचा वाचतो.

ही युक्ती कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेविथिकची. 1803 साली लंडनजवळ ग्रिनिच येथे त्याच्या पंपाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि माणसे मेली. राखणीचा पोरगा काम टाकून मासे धरायला गेला होता, असे सांगतात. ट्रेविथिकने त्यातून घेतलेला धडा मला फार मोठा वाटतो. राखणदार चुकणारच, हे त्याने गृहीत धरले आणि यंत्रातच एक कच्ची जागा मुद्दाम ठेवली. काही बिघडायचेच असेल तर ते तिथे बिघडावे, बाकीचे शाबूत राहावे. फ्यूजचा सगळा विचार याच्यात आला.

जाणकार इथे मला अडवतील. त्यांच्या मते फ्यूजचा मूळ पुरुष फ्रान्सचा लुई ब्रेगे. 1847 साली पॅरिसजवळच्या रेल्वेमार्गावर तारायंत्राच्या लाइनीवर वीज पडली, तेव्हा त्याने सुचवले की ऑफिसात शिरण्याआधी लाइनीचा एक तुकडा बारीक तारेचा ठेवावा, म्हणजे वीज आली तर तो जळेल आणि यंत्र वाचेल. दावा तगडा आहे. बारीक तार, तीही प्रवाहाच्या वाटेतच. किटकॅटमध्ये हेच तर दिसते. तारेचे रूप तारखात्यातून आले, हे मी मान्य करतो.

पण ब्रेगेची तार आभाळातून येणाऱ्या शत्रूसाठी होती. आपला फ्यूज घरच्याच प्रवाहाच्या अतिरेकावर नजर ठेवतो आणि बॉयलरचे शिसेही घरच्याच आगीवर. शिवाय धातू बघा. सुरुवातीच्या विजेच्या फ्यूजमध्ये शिसे आणि कथील भरपूर, म्हणजे लवकर वितळणारे, बॉयलरवाल्यांच्या ओळखीचे धातू. एडिसनने 1880 साली दिव्यांसाठी ‘सेफ्टी कंडक्टर’चे पेटंट घेतले आणि 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले. तिथे डायनामो फिरत होते वाफेवर. बॉयलर आणि डायनामो एकाच इमारतीत. ज्यांच्या डोळ्यांसमोर शिशाचे बूच रोज होते, त्यांनीच विजेला तसले बूच बसवले, असा माझा तर्क आहे. म्हणून बापाचे घर तारखाते म्हणा हवे तर, आजोळ मात्र बॉयलर.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. 1920च्या दशकात जर्मनीतल्या मानहाइमच्या श्टोट्झ कारखान्यातून एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, आला. त्यात अचानक शॉर्ट झाले तर विद्युतचुंबक खटका पाडतो आणि हळूहळू लोड वाढला तर तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी पाडते. ही पट्टी आली अठराव्या शतकातल्या जॉन हॅरिसनच्या जहाजी घड्याळातून. तिचे कूळ वेगळे. तिच्यात काही वितळत नाही, खटका वर केला की झाले.

वितळणाऱ्या तारेचा हिशोब विल्यम प्रीस या ब्रिटिश तारखात्यातल्या इंजिनिअरने 1884 साली मांडला, आणि तो शेतकऱ्याने पाठ करावा असा आहे. तारेची जाडी दुप्पट केली की ती वितळायला लागणारा प्रवाह दुप्पट होत नाही, पावणेतीन पटीच्याही वर जातो. अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार 28 अँपिअरच्या आसपास जाते. एक मिलिमीटरची 80 पर्यंत तग धरते. पाच एचपीची मोटार चालताना एका फेजला सात-आठ अँपिअर घेते. सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढते, तेवढे अर्ध्या मिलिमीटरची तार सोसते, कारण तापायलाही वेळ लागतो. मोटार जाम होऊन तोच प्रवाह टिकला, तर तार जाते आणि मोटार वाचते. एक मिलिमीटरची तार अशा वेळी ढिम्म बसून राहते.

उसाला पाणी द्यायची घाई असते आणि फ्यूज परत परत जातो, तेव्हा केबलचे पदर पिळून किटकॅटमध्ये घालायचा मोह होतो. मग फ्यूज जात नाही, वाइंडिंग जाते. डीपीवर हाच प्रकार झाला तर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि नवा बसेपर्यंत सगळ्या शिवाराचे पाणी थांबते. फ्यूज वारंवार जात असेल तर मोटार, केबल आणि तिन्ही फेज तपासून घ्या. बोर्डावरच्या किटकॅटमध्ये मेन बंद करून, मोटारीच्या अँपिअरला जुळेल तीच तार घाला. डीपीला मात्र स्वतः हात लावू नका, वायरमनलाच बोलवा.