डागाची वंशावळ

फिट मेंदूच्या नेमक्या कोणत्या जागेतून उठते, आणि मुळात उठतेच का, हे अपस्मारातले दोन जुने प्रश्न. गोळी सुरू केली आणि फिट थांबली, तर ते विचारायची वेळच येत नाही. पण साधारण तिघांतल्या एकाची फिट थांबत नाही. नीट निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधं वाया गेली, की आजार औषधाला दाद देत नाही असं समजावं, ही आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०१० ची व्याख्या. तिसऱ्या-चौथ्या औषधाने फिट पूर्ण थांबण्याची आशा मग थोडीच उरते, आणि ते दोन्ही प्रश्न दारात येऊन बसतात. 'कुठून'चं उत्तर मेंदूच्या चित्रात शोधतात, 'का'चं जनुकांत. या दोन शोधांची घराणी शतकभर वेगवेगळी नांदली. त्यांची सोयरीक जुळली ती अलीकडे, मेंदूच्या सालीतल्या एका बारीक डागावरून.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष लंडनचा जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. अंगठ्यात सुरू झालेला झटका हातावरून चढत चेहऱ्यापर्यंत कसा जातो, हे तो रुग्णांत बारकाईने पाहत असे. फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागात एखाद्या जागी अचानक होणारा उद्रेक, असं त्याने १८७० च्या दशकात मांडलं. त्याचा एक रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. जॅक्सनने लिखाणात त्याचं नाव 'डॉ. झेड' असं ठेवलं. या डॉक्टरने स्वतःच्या झटक्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. एकदा एका आईने छातीचा त्रास असलेला मुलगा त्याच्याकडे आणला. फिट येतेय हे जाणवताच, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून त्याने स्टेथोस्कोप काढून तोंड जरा फिरवलं. भानावर आला तेव्हा तो टेबलाशी बसलेला होता आणि पेशंट समोर नव्हता. मधल्या वेळात त्याने मुलाला तपासून डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचं लिहिलं होतं आणि त्याला ताबडतोब झोपवायला सांगितलं होतं. त्याने कुतूहलाने पुन्हा तपासलं. निदान बरोबर निघालं.

जानेवारी १८९४ मध्ये क्लोरल हे झोपेचं औषध जास्त झाल्याने डॉ. झेड गेला. वॉल्टर कोलमनने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला, अंकस नावाच्या वळीत, मऊ पडलेली एक लहानशी जागा सापडली. जॅक्सनचा अंदाज खरा ठरला, पण तो पडताळायला माणूस मरावा लागला.

ही जागा जिवंतपणी दिसावी, यासाठी पुढची शंभर वर्षं खटपट झाली. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडीने एक उपाय काढला. पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि एक्स-रे घ्यायचा. रुग्णाचं डोकं भयंकर ठणके, उलट्या होत, आणि एवढं सोसून चित्रात उमटत त्या मेंदूच्या पोकळ्यांच्या नुसत्या कडा. सीटी स्कॅन येईपर्यंत, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत, हेच चालू राहिलं. दरम्यान हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, प्रसिद्ध केला. माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णाच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून कोणत्या जागेतून काय उमटतं याचा नकाशा काढू लागला. त्याच्याच हाताखाली शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडींनी १९४९ मध्ये वेल्लोरला न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तिथे अपस्मारावरची शस्त्रक्रिया केली. आपल्याकडची ही परंपरा तिथून सुरू होते.

कथानकाला खरं वळण मिळालं ते लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात. तिथला सर्जन मरी फाल्कनर टेम्पोरल लोबचा भाग तुकड्या-तुकड्याने ओढून न काढता अखंड काढत असे, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला तो जसाच्या तसा तपासता येई. अशा नमुन्यांतून १९७१ मध्ये डेव्हिड टेलर, फाल्कनर आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांची हकिकत छापली. नुसत्या डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सालीच्या थरांत अवाढव्य, वेड्यावाकड्या चेतापेशी इतस्ततः विखुरलेल्या होत्या, आणि बऱ्याच नमुन्यांत त्यांच्या जोडीला आणखी विचित्र फुगीर पेशी. जखमेचा व्रण नाही, गाठ नाही. मेंदू घडतानाच तेवढ्या जागी घडी बिघडलेली. आज याला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया म्हणतात. ट्यूबरस स्क्लेरॉसिस या आनुवंशिक आजारातल्या मेंदूशी याचं साम्य आहे, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं. याच टेलरने पुढे १९८० मध्ये एका सहलेखिकेसह जुनी कागदपत्रं धुंडाळून डॉ. झेड कोण ते उघड केलं: आर्थर थॉमस मायर्स.

एमआरआय आल्यावर असे डाग जिवंत माणसात दिसू लागले. काही रुग्णांत टेम्पोरल लोबमधला हिप्पोकॅम्पस हा भाग आकसून कडक होतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. एमआरआयवर ते खात्रीने ओळखता येतं, हे १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. जागा कळली की ती काढणं आलं. २००१ मध्ये कॅनडातल्या चाचणीत एक वर्षानंतर, शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के. २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सने ११६ मुलांत हेच तपासलं, तेव्हा फिट थांबलेल्यांचे आकडे ७७ आणि ७ टक्के होते.

दुसऱ्या घराण्याचा इतिहास इतका उजळ नाही. अपस्मार रक्तातून येतो, ही समजूत विज्ञानाचा आधार मिळण्याआधीच कायद्यात शिरली. नाझी जर्मनीच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यात आनुवंशिक अपस्माराचं नाव होतं. आपल्याकडे १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्मारही विवाहाच्या आड येणारा ठरला. तो शब्द निघायला १९९९ उजाडलं. आणि कायद्यातून गेला तरी स्थळं पाहताना 'घराण्यात कुणाला आहे का' हा प्रश्न काही गेला नाही.

जनुकं हाती लागली तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं. २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी ड्रावे सिंड्रोम या तान्ह्या वयातल्या गंभीर अपस्माराची सात मुलं तपासली. सातही जणांत सोडियम वाहिनीच्या एससीएन-१-ए या जनुकात बदल होता, आणि तो एकाच्याही आईवडिलांकडून आलेला नव्हता. याचा उपयोग लगेच झाला: कार्बामाझेपिनसारखी नेहमीची औषधं या मुलांची फिट वाढवतात, म्हणून ती टाळायची.

डाग असलेल्या रुग्णांच्या रक्तात मात्र बहुधा काही सापडत नसे. २०१५ मध्ये दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी रक्ताबरोबर शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा तुकडाही तपासला. ७७ पैकी १२ रुग्णांत एमटॉर नावाच्या, पेशींच्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या जनुकात बदल निघाला. तो रक्तात नव्हता, आणि मेंदूच्या त्या तुकड्यातही थोड्याच पेशींत होता. गर्भात मेंदू घडत असताना एका पेशीत चूक झाली, तिच्या वंशातल्या पेशी अवाढव्य वाढल्या आणि तेवढीच जागा बिघडली. ट्यूबरस स्क्लेरॉसिसमध्येही याच एमटॉरचा ब्रेक निकामी होतो. टेलरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या साम्याचा खुलासा चव्वेचाळीस वर्षांनी असा झाला.

एमटॉरला त्याचं नाव ज्या औषधावरून मिळालं, ते रॅपामायसिन ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून वेगळं करणारे सुरेन सहगल हेही माँट्रियलच्याच एका औषध कंपनीत होते. त्याच जातीच्या एव्हरोलिमसची ट्यूबरस स्क्लेरॉसिसच्या ३६६ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ मध्ये आले. जास्त मात्रेच्या गटात ४० टक्क्यांची फिट निम्म्याने तरी घटली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १५ टक्क्यांची. फिट दाबणाऱ्या औषधांहून याची जात वेगळी आहे. हे फिटच्या मुळाशी असलेल्या बिघाडावर काम करतं.

आता दोन्ही घराण्यांचा पसारा मोठा आहे. २०१८ मध्ये चौदा देशांतल्या चोवीस केंद्रांनी २,१४९ रुग्णांचे एमआरआय एकत्र करून तपासले. २०२३ मध्ये सुमारे तीस हजार रुग्णांच्या जनुकसंचाची पाहणी छापून आली. त्या पाहणीत अपस्माराशी जोडलेल्या २६ जागा सापडल्या, पण त्यांतल्या १९ साऱ्या मेंदूतून एकदम उठणाऱ्या प्रकाराच्या होत्या. एकाच जागेतून उठणाऱ्या फिटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्या बहुतेक रुग्णांबद्दल, रक्ताने फारसं काही सांगितलं नाही. नजरेतून सुटलेला डाग शोधायला आता संगणकाची मदत घेतात. पण डाग का पडला हे सांगणारी पेशी त्या डागातच असते, आणि तिच्यापर्यंत पोचायला आजही कवटी उघडावी लागते. डँडी हवेसाठी काढून टाकत असे त्या पाण्यात अशा पेशींच्या डीएनएचे तुकडे मिळतात का, याची तपासणी सुरू आहे. तिला यश येईपर्यंत शस्त्रक्रिया हाच एकाच वेळी उपचारही आहे आणि शेवटची चाचणीही. म्हणून दोन औषधं फसल्यावर चौथी-पाचवी गोळी बदलत वर्षं घालवण्यापेक्षा अपस्माराच्या केंद्रात जाऊन ही दोन्ही उत्तरं मागावीत.