मुठीवरचा हात, चेहऱ्यावरचा कॅमेरा

चालकाच्या मनातले ओळखणारी मोटार, या विषयाकडे मी वळलो तो लोकलमुळे. ठाणे-डोंबिवली-कल्याणचे आपण प्रवासी ज्याच्या भरवशावर डुलकी काढतो, तो मोटारमन केबिनमध्ये एकटा असतो. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमन असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली आणि पुढे उपनगरी मार्गावर ही सोबत संपली. तिची जागा 'डेडमॅन' मुठीने घेतली. मूठ दाबून धरायची. हात सुटला की ब्रेक. लांब पल्ल्याच्या इंजिनांत दुसरी युक्ती आहे. ६० सेकंद चालकाने काहीच हालचाल केली नाही, तर दिवा लुकलुकतो, सुमारे ८ सेकंदांनी भोंगा वाजतो, आणखी तितक्याच वेळाने ब्रेक लागतात. दोन्ही यंत्रे एवढेच विचारतात : माणूस जागेवर आहे ना? काल त्याच्या गाडीखाली कोणी आले असेल, तरी मुठीला त्याचा पत्ता नसतो.

मन वाचण्याचा खटाटोप मोटारीतला. रोझलिंड पिकार्ड यांचे भावना आणि संगणक यांवरचे पुस्तक १९९७चे. २००५ साली त्यांनी जेनिफर हीली यांच्यासह बोस्टनमधील चालकांची नाडी, श्वास आणि त्वचेचा घाम मोजून ताणाच्या तीन पायऱ्या ९७ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखल्याचे प्रसिद्ध केले. पण पायऱ्या होत्या विश्रांती, महामार्ग आणि शहर! यंत्राने मन ओळखले की रस्ता, ही माझी शंका आहे. स्वेद, वेपथू, वैवर्ण्य ही यादी भरताच्या नाट्यशास्त्रातही आहे; मात्र ती नटासाठी, म्हणजे प्रेक्षकांसमोर उभी करता येणारी लक्षणे म्हणून.

२०२३ साली ईशान्य सीमा रेल्वेने पापण्यांवरून पेंग ओळखणारे यंत्र बनवायला घेतले. चालकांच्या संघटनेने हरकत घेतली : जागेपणा तपासणारे यंत्र आहेच, कामाचे तास आणि विश्रांती यांचे बघा. मला हा युक्तिवाद कॅमेऱ्याहून पक्का वाटतो. थकवा चेहऱ्यावर उमटण्याआधी ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेला असतो.

युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर घातलेली बंदी २ फेब्रुवारी २०२५ला लागू झाली, आपल्या विजेच्या गाडीच्या शताब्दीच्या आदल्या दिवशी. अपवाद दोनच : वैद्यकीय कारण आणि सुरक्षितता. चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा त्यातल्या दुसऱ्या दाराने सहज आत येऊ शकतो.