माशाला माशी कळते का?

शीर्षकात घोळ आहे, आधीच कबूल करतो. मासा वेगळा, माशी वेगळी. पण हा लेख दोघांचाही आहे, त्यामुळे सांभाळून घ्या.

तर मंडळी, गेल्या उन्हाळ्यात मामाच्या गावी गेलो होतो. सुलतानपूर, जिल्हा बुलढाणा. लोणार इथून दहा-बारा किलोमीटर. लोणार सरोवराचं पाणी इतकं खारं की त्यात पूर्वापार मासाच नसायचा, म्हणजे तिथे हा वादच उद्भवत नव्हता. मामाचा गळ पडतो गावाजवळच्या तलावात. त्या दिवशी कणकेच्या गोळीला चांगला मोठा सायप्रिनस लागला आणि दोरी तोडून गेला. पुढचे दोन दिवस गोळीकडे कोणी फिरकलं नाही. मामा म्हणाला, "आता काही खरं नाही. तो गय ओयखते."

मी हसलो. माशाची आठवण तीन सेकंदांची असते असं कुठेतरी वाचलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर मामाला अडाणी ठरवून मोकळा झालो. पुण्याला परत आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन-तीन वीकांत वाचनात गेले, तेव्हा कळलं की हा वाद जवळपास दोनशे वर्षं जुना आहे.

वाद रंगला तो इंग्लंडात. तिथे ट्राउट पकडायला आकड्यावर पिसं आणि रेशमी धागा गुंडाळून नकली माशी बांधतात. १८३६ साली आल्फ्रेड रोनाल्ड्सने यावर अख्खं सचित्र पुस्तक काढलं: कुठला किडा केव्हा पाण्यावर येतो आणि त्याची नक्कल कशी करायची. पण हा पठ्ठ्या नुसता लिहून थांबला नाही. स्टॅफर्डशायरमधल्या ब्लाइद नदीकाठी त्याने झोपडीवजा निरीक्षणगृह बांधलं आणि आत लपून मासे बघत बसला. नळीतून फुंकून मेलेल्या माश्या पाण्यात सोडल्या. मग माश्यांना चक्क मोहरी आणि लाल तिखट फासलं! ट्राउटनी त्याही गट्टम केल्या. त्याने निष्कर्ष काढला की माशाला चवीचं फारसं कळत नसावं. मला वाटतं, खरी गोम वेगळी आहे. त्या माशीत आकडा नव्हता. दुखलंच नाही तर शिकायचं कशाला?

पुढे १८८६ साली हॅलफर्डने हुबेहूब तरंगत्या माश्यांचा आग्रह धरला, १९१० मध्ये स्क्यूजने पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली. दोघांचे चेले आयुष्यभर भांडले. पण हे सगळं काठावर उभं राहून. मासा आला नाही, तो शहाणा झाला म्हणून, पोट भरलं म्हणून, की तुमची सावली पडली म्हणून? कंट्रोल ग्रुप नसेल तर सगळ्या चावडीवरच्या गप्पा.

ती शिस्त आणली ब्यूकेमा या डच शास्त्रज्ञाने. १९७० साली त्याचे दोन निबंध आले. एक कॉमन कार्पवर, म्हणजे आपल्या बाजारातल्या सायप्रिनसवर, मामाच्याच माशावर! एकदा गळाला लागून सोडलेला कार्प पुन्हा सहजी लागत नाही, एका फटक्यात शिकतो, आणि हा परिणाम वर्षभर टिकू शकतो. तीन सेकंद कुठले घेऊन बसलात!

दुसरा निबंध पाइक या शिकारी माशावर. चकाकत्या फिरत्या पत्र्याला एकदा फसलेला पाइक पुढे पत्रा टाळायचा. पण आकड्याला जिवंत मासळी लावली की फसायचा, पुन्हा पुन्हा फसायचा. माझ्या मते ट्राउटच्या माशीचं उत्तर इथेच आहे. हे स्पॅम फिल्टरसारखं आहे. पत्रा नाकारला तर माशाचं काहीच बिघडत नाही. पण मासळीसारखं दिसणारं सगळंच नाकारलं तर उपाशी मरेल. त्यामुळे नक्कल जितकी अस्सल, तितकं शिकणं महाग.

२०२० मध्ये तर असंही दिसलं की दुसरा कार्प गळाला लागताना जवळ असलेले कार्पही पुढे गळ टाळतात. सुलतानपूरच्या तलावात दोन दिवस सन्नाटा का, हे त्यावरून तुम्हीच बघा.

आणि शिकणं नेहमी भीतीचंच असतं असं नाही. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं, तेही इथल्याच बोलीतलं: खुद्री. हाच महसीर म्हटला की अँगलर मंडळी हळवी होतात. पण महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे महसीर देवीचे, त्यामुळे त्यांना पकडायचं नाही. मी तिथे कुरमुऱ्यांची पुडी उघडली आणि हातभर लांबीचे मासे पायाशी येऊन तोंडं वासायला लागले. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे कुरमुरे. दुसरीकडे हाच महसीर माणूस म्हणजे आकडा असंही शिकेल. डोकं तेच, डेटा वेगळा. अर्थात कोंडातल्या माशाच्या भाबडेपणाचा फायदा घ्यायला एकच गळवाला पुरेल, हे तेव्हा डोक्यात आलं आणि उरलेले कुरमुरे टाकताना जरा अपराधी वाटलं.

मामाला फोन करून सगळं सांगितलं. ब्यूकेमा, वर्षभराची आठवण, झाडून सगळं. तो शांतपणे ऐकत होता.

"हे मले माहीत हाय," तो म्हणाला. "म्हणून तर आता कणीक सोडली. गांडूय लावतो."