हद्दपारांची वसाहत

अमेरिकेचा इतिहास शिकविताना आम्हांस विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : धर्मछळास कंटाळून ज्यांनी स्वदेश सोडला, त्यांनीच नव्या भूमीत इतरांचा छळ का करावा? १६३० साली जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली मॅसॅच्युसेट्समध्ये उतरलेल्या प्युरिटन मंडळींकडे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. त्यांना स्वातंत्र्य हवे होते ते स्वतःच्या सत्याकरिता. दुसऱ्याच्या मतास जागा देणे त्यांच्या संकल्पात नव्हतेच. लवकरच मताधिकारही चर्चच्या सभासदांपुरता राखून ठेवण्यात आला.

१६३१ साली रॉजर विल्यम्स हा तरुण धर्मोपदेशक तेथे आला. मनुष्याच्या श्रद्धेबद्दल त्यास शासन करण्याचा सरकारला अधिकार नाही, आणि केवळ राजाच्या सनदेने मूळ रहिवाशांची जमीन आपली होत नाही, असे तो उघड बोलू लागला. १६३५ साली त्यास हद्दपारीची शिक्षा झाली. इंग्लंडला परत पाठविण्याचा बेत कळताच तो ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवीत, एकटाच निघाला. ज्यांना गोरे लोक रानटी म्हणत, त्या वाम्पानोआग लोकांनी त्यास आसरा दिला. नॅरगॅन्सेट सरदारांकडून जमीन मिळाली आणि १६३६ साली प्रॉव्हिडन्स गाव वसले. बहुमताचा निर्णय सर्वांनी मानावा, परंतु तो केवळ ऐहिक बाबतींत, असा तेथील रहिवाशांनी करार केला.

पुढे अ‍ॅन हचिन्सन ही बुद्धिमान स्त्री घरी प्रवचनांची चर्चा करी म्हणून तिच्यावर खटला झाला. १६३८ साली तिच्या पक्षाने विल्यम्सच्याच मध्यस्थीने जवळच्या अ‍ॅक्विडनेक बेटावर वस्ती केली. ही गावे मिळूनच पुढे ऱ्होड आयलंड झाले. असे स्थलांतर केवळ मतभेदानेच होई, असे मात्र नव्हे. टॉमस हूकरच्या अनुयायांना कनेक्टिकट नदीकाठची सुपीक जमीनही खुणावीत होती.

तथापि विरोधकास सीमेबाहेर घालविणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे. खरी कसोटी लागली ती क्वेकर पंथाचे लोक आले तेव्हा. मॅसॅच्युसेट्सने चौघांना फाशी दिले. त्यांत १६६० साली बोस्टनमध्ये प्राण दिलेली मेरी डायर होती. शेजाऱ्यांनी दडपण आणूनही ऱ्होड आयलंडने क्वेकरांना हाकलले नाही. विल्यम्सला त्यांची मते मुळीच पसंत नव्हती. १६७२ साली, वृद्धपणी, तो स्वतः होडी वल्हवीत न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी दिवसेंदिवस कडाक्याचा वाद केला. पण हाती शस्त्र होते ते शब्दांचेच. वाद संपल्यावर उभय पक्ष आपापल्या घरी सुखरूप परतले.

आमच्या मते ऱ्होड आयलंडचा खरा मोठेपणा या घरी परतण्यात आहे. १६६३ च्या राजसनदेने धर्ममताबद्दल कोणास उपद्रव होऊ नये असे लिहून दिले खरे. परंतु ते अक्षर जिवंत राहिले ते न पटणाऱ्या शेजाऱ्यास शेजारी राहू देणाऱ्या माणसांमुळे. विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगतो, आणि सांगताना स्वतःसही विचारतो की, आपल्या दारी असा शेजारी आला तर आपण काय करू?