तेवढीच मतं, उलटा निकाल

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. पुण्यातल्या फ्लॅटवर मी निवडणूक आयोगाची साइट उघडून सारखा रिफ्रेश करत बसलो होतो. मतदारसंघ क्रमांक २१७, संगमनेर. सकाळी दर फेरीला गावाहून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन येत होता. दुपारनंतर फोन थांबले. संध्याकाळी मीच केला, तर आई म्हणाली, "ते रानात गेलेत." त्या वेळी रानात काहीच काम नव्हतं.

माझा जन्म १९९७चा. आमच्याकडे 'आमदार' या शब्दापुढे कायम एकच नाव असायचं, बाळासाहेब थोरात. १९८५ ते २०१९, सलग आठ निवडणुका. या काळात फोन डायलचा होता तो बटणाचा झाला, मग खिशात आला, मग स्मार्टफोन झाला, आमदार तेच. लहानपणी मला वाटायचं, आमदारकी ही पोस्टमास्तरकीसारखी नोकरी असणार, निवृत्त होईपर्यंत चालणारी. २०२४ला शिवसेनेच्या अमोल खताळांनी त्यांना १०,५६० मतांनी हरवलं आणि आमच्या घरात दोन दिवस टीव्ही बंद राहिला.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या धंद्याला शोभेल तेच केलं. एक्सेल उघडलं.

२०१९ला थोरातांना १,२५,३८० मतं होती आणि शिवसेनेच्या साहेबराव नवलेंना ६३,१२८. लीड ६२,२५२चं. पाच वर्षांनी खताळांना १,१२,३८६ आणि थोरातांना १,०१,८२६. इथवर बातमी सगळ्यांना माहीत आहे. मग मी एक ओळ मागे गेलो. २०१४ला थोरातांना किती होती? १,०३,५६४. तेव्हा ते ५८,८०५ मतांनी निवडून आले होते.

पुन्हा वाचा. २०१४ला जितक्या मतांवर जवळजवळ एकोणसाठ हजारांचं लीड मिळालं, त्यापेक्षा फक्त १,७३८ मतं कमी पडली, तर २०२४ला माणूस साडेदहा हजारांनी हरला.

काय बदललं? २०१४ला राज्यात भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी चौघंही वेगवेगळे लढले होते. संगमनेरात दुसऱ्या क्रमांकावरच्या शिवसेनेच्या उमेदवाराला ४४,७५९ मतं होती, बाकीची विरोधातली मतं इतरांमध्ये वाटली गेली. २०२४ला लढत जवळपास सरळ झाली. शिवाय दहा वर्षांत मतदार वाढले, पण थोरातांची मतं २०१४च्याच पातळीवर येऊन थांबली. २०१९ आणि २०२४ची तुलना केली तर थोरातांची २३,५५४ मतं घटली, आणि समोरच्याची ४९,२५८ वाढली. म्हणजे समोरच्याची सगळी वाढ थोरातांकडून आली असं धरलं, तरी निम्म्याहून जास्त मतांचा हिशेब लागत नाही. ती मतं दुसरीकडूनच आलेली आहेत.

निकालानंतर कारणं खूप सांगितली गेली. लाडकी बहीण योजना, राज्यभरची महायुतीची लाट (काँग्रेसला राज्यात १६ जागा, जिल्ह्यातल्या बारापैकी दहा महायुतीला), शेजारच्या विखेंनी लावलेली ताकद. यातलं कुठलंच मला खोटं वाटत नाही. पण लाट एका वर्षाची असते. एकास एक लढत झाली तर काय होईल, हा प्रश्न शीटमध्ये दहा वर्षं उघडा पडला होता. आम्ही लीडचा रकाना बघत होतो, मतांचा नाही.

आमचा तालुका असा गाफील राहणारा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात इथले आमदार होते लाल निशाणवाले दत्ता देशमुख. पाणी कुणाला आणि किती, यावर हयात घालवलेला माणूस. बारमाही उसाऐवजी आठमाही पाणी जास्त शेतकऱ्यांना द्यावं, ही शिफारस करणाऱ्या समितीत ते होते. मग १९६२पासून काँग्रेसचे बी. जे. खताळ-पाटील. १९७८ला त्यांच्या जागी बाळासाहेबांचे वडील, सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात. १९८०ला परत खताळ-पाटील. १९८५ला बाळासाहेब, तेही अपक्ष. म्हणजे १९७८ ते १९८५ या सात वर्षांत संगमनेरने तीनदा आमदार बदलला. 'संगमनेर म्हणजे थोरात' ही गोष्ट त्यानंतरची आहे.

ती उगाच झाली असंही नाही. भाऊसाहेबांच्या नावाचा साखर कारखाना, राजहंसचा दूधसंघ, १९८३ला सुरू झालेलं अमृतवाहिनीचं इंजिनिअरिंग कॉलेज. ऊस, दूध आणि पोरांची डिग्री, तिन्ही एकाच तालुक्यात. अण्णांचं दूध तीस वर्षं संघाला जातंय. त्या घरात निवडणूक ही निवड कमी आणि हजेरी जास्त होती.

पण मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे. २००८च्या पुनर्रचनेनंतर तालुक्याची काही गावं शिर्डी मतदारसंघात गेली, त्यात खुद्द थोरातांचं जोर्वे. जोर्वे म्हणजे पुरातत्त्वाच्या पुस्तकात ज्या गावाच्या नावाने एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते ते गाव. तिथला मतदार आता विधानसभेला शिर्डीसाठी, म्हणजे विखेंच्या मतदारसंघात, बटण दाबतो. नकाशावर एक रेघ सरकते आणि नेत्याचं गाव त्याच्याच मतदारसंघातून बाहेर जातं.

पाणीही असंच कुणाच्या एकाच्या नावावर राहत नाही. भंडारदरा १९२६चं, इंग्रजांचं. खालच्या निळवंड्याच्या प्रकल्पाला १९७०ला मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्यात पाणी आलं २०२३ला. इतक्या वर्षांत कितीतरी सरकारं झाली, श्रेयाचे दावेदारही तितकेच. पन्नास वर्षं वाट बघितलेल्या शेतकऱ्याला पाणी दिसलं त्या वेळी सरकार वेगळंच होतं.

आता माझा भाग. २० नोव्हेंबरला, बुधवारी, मी मतदानाला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी रिलीज होतं. खरं सांगायचं तर सुट्टी मिळाली असती. मी मागितलीच नाही. मनात हिशेब असा होता की साठ हजारांच्या लीडमध्ये माझं एक मत काय करणार? जे लीड मी कधी तपासलं नव्हतं, त्याच्या भरवशावर मी घरी बसलो. माझ्या एका मताने निकाल फिरला नसता, हेही मला कळतं. पण पुण्या-मुंबईतल्या किती फ्लॅटवर हाच हिशेब झाला असेल, तो रकाना कुठल्याच शीटमध्ये नाही.

पुढच्या महिन्यात गावी गेलो, तेव्हा अण्णांना लॅपटॉपवर सगळं दाखवलं. २०१४ची ओळ पिवळी केली होती. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"हे आकडे तवा पण होते ना?"

"होते."

"मग तवा का नाही दाखवले?"

मी म्हणालो, "तेव्हा आपण जिंकलो होतो."

अण्णांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "जितल्यावर कोण मोजीत बसतंय," ते म्हणाले, आणि दुधाची किटली घेऊन संघावर गेले.